आतड्याच्या अस्तरातील केराटिनसारखी प्रथिने बिघडली, तर आतड्याचा दाह होतो का?

होऊ शकतो, पण एकटे प्रथिन क्वचितच दोषी असते. आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते आणि तो थर साधारणपणे 3 ते 5 दिवसांत नवा होतो. इतका नाजूक पडदा टिकतो, तो पेशीच्या आत जाळ्यासारख्या पसरलेल्या केराटिन 8, 18, 19 आणि 20 या तंतूंमुळे, तसेच शेजारच्या पेशींमधील फट बंद ठेवणाऱ्या ऑक्लुडिन आणि क्लॉडिन या प्रथिनांमुळे.

केराटिनला केवळ आधाराचा सांगाडा समजणे मला अपुरे वाटते. केराटिन 8 नसलेल्या उंदरांना मोठ्या आतड्याचा दाह आणि जुलाब होतात. मात्र त्यांना प्रतिजैविके दिल्यावर दाह कमी होतो, म्हणजे या आजारात आतड्यातील जिवाणूंचाही वाटा असतो, ही बाब अतिशय महत्त्वाची आहे.

माणसांत अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोहन या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या आजारांत क्लॉडिन-2 हे क्लॉडिन गटातील एक प्रथिन वाढते. ते फट बंद ठेवण्याऐवजी सोडियमसारख्या आयनांना (विद्युतभारित कणांना) आणि पाण्याला वाट करून देत असल्याने जुलाबाला हातभार लागतो. दाहाच्या वेळी स्रवणारे टीएनएफ हे द्रव्यही पेशींमधील सांधे सैल करते. त्यामुळे अस्तरातून होणारी गळती हे दाहाचे कारणही असते आणि परिणामही.