टोपी उलटी करून बघा

प्रश्न : मध्ययुगीन युरोपातलं जगणं आणि कला हौसेनं पुन्हा उभं करणाऱ्या, अमेरिकेतल्या 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम'च्या मेळाव्यात मी हस्तकलेची परीक्षक आहे. एका बाईंनी चौदाव्या शतकातली इंग्लिश लोकरी टोपी शिवलीय, पण लाल रंग कोचिनीलचा, म्हणजे किड्यापासून काढलेला. गुण कापू का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : रंगाचे कापा, तेही थोडेच. कोचिनीलचा किडा अमेरिका खंडातला. युरोपात पोचला सोळाव्या शतकात. त्याआधी तिकडे लाल रंगासाठी मॅडरची मुळं (आपल्या मंजिष्ठेची भावकीच) किंवा महागडा केर्मिस किडा. पण आधी बाईंनी टोपीसोबत दिलेलं टिपण वाचा. 'मॅडर मिळालं नाही' असं त्यांनीच लिहिलं असेल, तर मी एकही गुण कापणार नाही. मग टोपी उलटी करा, आतले टाके, दुमडलेल्या कडा बघा. आणि त्यांच्याशी बोला हो! नुसता आकडा टाकून पुढच्या टेबलाकडे सरकणारे परीक्षक मला मुळीच आवडत नाहीत.