जर्मनीत पीएचडीला येण्याआधी

साताऱ्यात दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुण्यात एमएस्सी केमिस्ट्री, आता जर्मन विद्यापीठात पीएचडीची जागा, आणि तुमचे मिस्टर वर्षभराने येणार. इंग्रजीवर निभेल का आणि मराठी माध्यमाचा तोटा होईल का, असं तुम्ही विचारलंय. मीही याच वाटेने आले, पीएचडी करून इथेच नोकरी करते, म्हणून सविस्तर लिहिते.

माध्यमाची चिंता सोडा. इथली बहुतेक मुलं शाळेत रसायन, भौतिक सगळं जर्मनमधून शिकतात. बीएस्सीही बहुधा जर्मनमध्येच होते. इंग्रजीत पेपर लिहायची वेळ आली की तीही अडखळतात आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. माझ्या संकल्पना शाळेत मराठीतून पक्क्या झाल्या, याचा मला फायदाच झाला. रिअॅक्शन फसली की कारण शोधताना माझं डोकं अजूनही मराठीत चालतं, आणि स्वच्छ चालतं.

जड जातं ते वेगळंच. आपल्याला सरांपुढे मान डोलवायची सवय असते. इथे ग्रुप सेमिनारमध्ये प्रोफेसरांना 'हा एनएमआर चाचणीच्या आलेखातला पीक अशुद्धीचाही असू शकतो, मला निष्कर्ष पटत नाही' असं सरळ सांगायचं असतं. तो उद्धटपणा नाही, ते तुमचं कामच आहे. गप्प बसणारा नम्र वाटत नाही, तयारी न करता आलेला वाटतो. पहिल्या महिन्यापासून प्रश्न विचारा, व्याकरण चुकलं तरी चालेल.

आता जर्मन भाषा. लॅब इंग्रजीत चालते, प्रबंधही बहुतेक ठिकाणी इंग्रजीत देता येतो. पण घरमालक, दवाखान्यातलं रिसेप्शन, विद्यापीठाच्या कार्यालयातून येणारी पत्रं, काचेची उपकरणं दुरुस्त करणारा कारागीर, हे सगळं जर्मनमध्ये. पीएचडीनंतर कंपनीत अर्ज कराल तेव्हा तर भाषेवाचून बरीच दारं बंदच राहतात. म्हणून निघण्याआधीच मॅक्स म्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ए-१, ए-२ या पहिल्या दोन पातळ्या करून टाका. इथे आल्यावर दिवसभर लॅबमध्ये उभं राहून संध्याकाळी क्लासला बसायला त्राण उरत नाही. तीन लिंगांना घाबरू नका. तो-ती-ते आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. हिंदी भाषकांपेक्षा आपल्याला ही कल्पना लवकर पचते, पाठांतर मात्र सुटत नाही.

मिस्टरांना तर जर्मन तुमच्यापेक्षा जास्त लागेल. तुम्हाला लॅबमुळे आयती माणसं मिळतील, त्यांना मिळणार नाहीत. तुमच्यामागे आलेल्या जोडीदाराला नोकरीची परवानगी असते, पण परवानगी आणि नोकरी यांच्यामध्ये भाषा उभी असते. चांगले शिकलेले जोडीदार घरात बसून खचलेले मी पाहिलेत, म्हणून हे कळकळीने सांगते. दोघांनी एकाच बॅचला नाव घाला.

सही करण्याआधी विचारा: शिष्यवृत्ती आहे की नोकरीचा करार? करार असेल तर आरोग्य विमा आणि पेन्शनची कपात पगारातूनच होते, आणि सरकारी विम्यात कमाई नसलेला जोडीदार वेगळा हप्ता न भरता येतो. करार ई-१३ या वेतनश्रेणीचा असला तरी केमिस्ट्रीत पगार अनेकदा त्याच्या ५० ते ६७ टक्केच देतात. काम मात्र पूर्णवेळ अपेक्षित असतं. टक्केवारी आणि मुदत लेखी घ्या. वर्षाला ३० दिवसांची सुट्टी मिळते, ती न संकोचता घ्या. इथे सगळेच घेतात.

पुढचाही विचार आत्ताच करा. विद्यापीठात तात्पुरत्या करारांवर कायद्याप्रमाणे साधारणपणे डॉक्टरेटआधी ६ आणि नंतर ६ वर्षंच राहता येतं, आणि कायमच्या जागा फार थोड्या. या कायद्याविरुद्ध इथल्या तरुण संशोधकांनी २०२१ मध्ये मोठा आवाज उठवला होता. प्राध्यापकीचं स्वप्न असेल तर जरूर धरा, पण उद्योगातली वाट पीएचडीच्या दुसऱ्या वर्षापासूनच शोधायला लागा. जर्मन विद्यापीठाची पदवी घेतल्यावर नोकरी शोधायला १८ महिने राहता येतं. तेवढ्या वेळात ए-२ च्या पुढच्या बी-१ पातळीची परीक्षाही उरकता येते, पण ती आधीच हातात असलेली बरी.