मॅग्नेट बदलण्याआधी पिकअप खाली घेऊन पाहा

आपल्या गिटारच्या ब्रिजकडील (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या बाजूच्या) हम्बकरमध्ये, म्हणजे तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपमध्ये, सिरॅमिक मॅग्नेट असून डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) लावल्यावर आवाज कानाला टोचतो, तेव्हा त्या जागी अल्निको २ बसवावे की अल्निको ५ (अल्निको या चुंबकीय मिश्रधातूचे दोन दर्जे), असा प्रश्न ऐरोलीच्या सदस्यांनी विचारला आहे. मी ठाण्यात राहतो आणि हा प्रयोग माझ्या स्वतःच्या गिटारवर चारपाच वेळा केला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मॅग्नेटचे मुख्य काम तारेला चुंबकत्व देणे हे आहे. तार हलली की कॉइलमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यातून विद्युतदाब निर्माण होतो, त्यामुळे मॅग्नेट जितके जोरकस तितका आउटपुट जास्त. मात्र आवाजात तीव्र स्वर कुठे उठून दिसतील हे प्रामुख्याने कॉइलचे इंडक्टन्स (बदलत्या विद्युतप्रवाहाला विरोध करण्याचा गुण) आणि केबलचे कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून ठरवतात. फेंडर स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) गिटारसारख्या एका कॉइलच्या पिकअपमध्ये अल्निकोच्या कांड्या थेट कॉइलच्या आत असल्याने त्या इंडक्टन्समध्येही भर घालतात. हम्बकरमध्ये मॅग्नेटची पट्टी कॉइलच्या खाली असते आणि आत पोलादी स्क्रू व स्लग (पोलादी कांड्या) असतात, म्हणून पट्टी बदलल्याने इंडक्टन्स थोडेच बदलते. सिरॅमिकच्या कर्कशपणाची जी ख्याती आहे, तिचा बराचसा दोष माझ्या मते त्याच्याबरोबर नेहमी येणाऱ्या, जास्त वेढे दिलेल्या कॉइलकडे जातो.

तरीही फरक ऐकू येतो. अल्निको ५ आवाजाला ठोसपणा देते, खालच्या तारा घट्ट वाटतात. अल्निको २ त्याहून कमजोर असल्याने तारेचा पहिला आघात बोथट होतो आणि स्वर गोलसर वाटतो. (नाव अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टवरून पडले असले, तरी अल्निको ३ मध्ये कोबाल्ट नसतेच.) गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांच्या ज्या हम्बकरने गिब्सनच्या गिटारींवर १९५७ पासून नाव कमावले, त्याच्या सुरुवातीच्या नगांतही वेगवेगळ्या दर्जांची अल्निको मॅग्नेटे सापडतात.

आपल्या तक्रारीसाठी मी अल्निको २ निवडेन. परंतु आधी पिकअपच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून तो दीड-दोन मिलिमीटर खाली घ्या, मग अॅम्पचा आवाज तेवढा वाढवून ऐका. माझ्या एका गिटारवर एवढ्यानेच काम झाले होते आणि मागवलेले मॅग्नेट अजून खणात पडून आहे.

बदलायचेच ठरले, तर तळपट्टीचे स्क्रू सैल करा. वेढ्यांची तार केसाइतकी बारीक असते, त्यामुळे कॉइल ओढू नका. मेणात बुडवलेला पिकअप असेल, तर मॅग्नेट लाकडी काडीने हळूहळू ढकला. पट्टी काढण्यापूर्वी तिची कॉइलमधल्या पोलादी स्क्रूंकडील बाजू मार्करने खुणावून ठेवा. पहिल्या वेळी मी ती खूण केली नव्हती आणि नवे मॅग्नेट उलटे बसले. एकटा ब्रिजचा पिकअप वाजवताना काहीच जाणवले नाही, पण दोन्ही पिकअप एकत्र लावताच आवाज पातळ, पत्र्यासारखा झाला, कारण ते परस्परांच्या विरुद्ध फेजमध्ये गेले होते, म्हणजे एकाचा संकेत दुसऱ्याचा बराचसा खोडत होता. नव्या पट्टीची दिशा साध्या होकायंत्राने जुळवता येते, फक्त ते मॅग्नेटपासून वीतभर दूर धरा, नाहीतर सुईचेच ध्रुव उलटतात.