दंड जाड वाटतात? आधी बाहीची लांबी बघ

अगं, दंड झाकायला ढगळ कुर्ते घेऊ नकोस, त्यात सगळंच अंग रुंद दिसतं. बाही संपते तिथेच नजर थांबते, म्हणून दंडाच्या जाड भागावर ती कधीच संपवायची नाही. कोपराच्या दोन बोटं वर, नाहीतर सरळ थ्री-फोर्थ. फुगा बाही नकोच. ठाण्यात गोखले रोडवर तयार ब्लाउज घेतलास तर ट्रायल रूममध्ये हात वर करून बघ; मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, काचला की दंडावर वळी पडलीच. शिवून घेणार असशील तर शिंप्याला आत इंचभर माया, म्हणजे शिलाईत जास्तीचं कापड, ठेवायला सांग. मी कित्येक वर्षं मे महिन्यातही ओढणी लपेटून ठाणे स्टेशनच्या पुलावर घामाघूम व्हायचे गं. आता सुती थ्री-फोर्थ घालते, ओढणी घरीच असते.