वाचकांचे प्रश्न : २८ कोअरचा जुना सर्व्हर की ८ कोअरचा नवा लॅपटॉप?

प्रश्न : दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ प्रोसेसर आणि १२८ जीबी रॅम असलेला वापरलेला सर्व्हर मला मिळतो आहे. दुसरा पर्याय रायझन ७ ७८४०एचएसच्या नव्या लॅपटॉपचा. माझी कामे दोन : सी++ प्रकल्प कम्पाइल करणे आणि ब्लेंडरमध्ये रेंडरिंग. २८ कोअर विरुद्ध ८ कोअर म्हटल्यावर सर्व्हर साडेतीन पट वेगवान ठरेल ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. रेंडरिंगमध्ये सर्व्हर पुढे राहील, पण साडेतीन पट नक्कीच नाही. रोजच्या कम्पाइलिंगमध्ये तो मागे पडण्याचीच शक्यता जास्त आहे.

आधी एका कोअरचे, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका भागाचे पाहू. ई५-२६८० व्ही४ हा २०१६चा प्रोसेसर. त्याचा मूळ क्लॉक (कामाच्या ठोक्यांचा वेग) २.४ गिगाहर्ट्झ, एकट्या कोअरवर काम असेल तर ३.३ पर्यंत चढतो. ७८४०एचएस २०२३चा, तो ५.१ पर्यंत जातो आणि शिवाय प्रत्येक ठोक्याला जास्त सूचना उरकतो. दोन्ही मिळून नव्याचा एक कोअर जुन्याच्या साधारण दुप्पट काम करतो.

आता सगळे कोअर एकत्र घ्या. प्रत्येक कामाचा थोडा भाग असा असतो की तो वाटून देता येत नाही, एकाच कोअरला ओढावा लागतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेला हिशेब इथे चपखल बसतो. समजा १० टक्के काम वाटता येत नाही. मग जुन्या एका कोअरच्या तुलनेत २८ कोअर मिळून साधारण ७.६ पट वेग देतात. नवे ८ कोअर ४.७ पट देतात, पण त्यांचा प्रत्येक कोअर दुप्पट असल्याने आकडा ९.४ वर जातो. म्हणजे लॅपटॉप जिंकला. हेच न वाटता येणारे काम १ टक्का असेल तर सर्व्हर २२ पट आणि लॅपटॉप १५ पट. इथे सर्व्हर दीडपट पुढे. (सगळे कोअर राबत असताना दोघांचेही क्लॉक खाली येतात, म्हणून हे आकडे अंदाजाचेच धरा.)

ब्लेंडरचे सायकल्स इंजिन चित्राचे तुकडे पाडून जवळजवळ पूर्ण काम वाटते, तेव्हा तिथे सर्व्हर. संपूर्ण प्रकल्प पहिल्यापासून कम्पाइल करतानाही शेकडो फायली एकाच वेळी चालतात, तिथेही सर्व्हर. पण दिवसभरात आपण बहुतेक वेळा एखादी फाइल बदलतो आणि पुन्हा बिल्ड करतो. त्यात एक-दोन फायली कम्पाइल होतात आणि मग लिंकिंगची (सगळे तुकडे जोडून एक प्रोग्राम बनण्याची) वाट पाहावी लागते. हा वेळ लॅपटॉपवर निम्म्यावर येतो, आणि तुमचा खरा खोळंबा होतो तो इथेच. म्हणून आम्ही लॅपटॉप सुचवू. रेंडरिंगचे काम मोठे असेल तर पैसे चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या यंत्राकडे वळवा. सायकल्ससाठी ते या दोन्ही प्रोसेसरांपेक्षा कितीतरी वेगवान पडते.

सर्व्हर घ्यायचे खरे कारण एकच : रॅम. १२८ जीबीत दहा-बारा व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रात चालणारे आभासी संगणक) आरामात चालतात. लॅपटॉपला बहुधा दोनच स्लॉट असतात, काहींत तर रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते. खरेदीपूर्वी हे विचारून घ्या.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर बेंचमार्कचा (वेग मोजणाऱ्या चाचणीचा) स्कोअर पहिल्यांदा छान येतो, नंतर घसरतो. कोणता आकडा खरा मानायचा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : लांब चालणाऱ्या कामासाठी नंतरचा. तापल्यावर किंवा वॅटची मर्यादा लागल्यावर प्रोसेसर वेग उतरवतो. वरच्या प्रश्नातल्या ७८४०एचएसचेच पाहा : त्याला ३५ ते ५४ वॅटपर्यंत कुठेही बसवण्याची मुभा एएमडीने उत्पादकांना दिली आहे, त्यामुळे तोच प्रोसेसर बारीक लॅपटॉपमध्ये वेगळा आणि जाडजूड लॅपटॉपमध्ये वेगळा चालतो. त्याच प्रश्नातल्या सर्व्हरचा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) मुळात १२० वॅट सतत ओढण्यासाठीच असतो, म्हणून त्याचा पहिल्या मिनिटाचा आणि तिसाव्या मिनिटाचा स्कोअर सारखाच येतो.

चार्जर लावा, परफॉर्मन्स मोड निवडा, सिनेबेंच आर२३ची दहा मिनिटांची चाचणी चालवा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो हा आकडे दाखवणारा प्रोग्राम उघडा. पहिल्या आणि दहाव्या मिनिटाला क्लॉक, वॅट व तापमान लिहून ठेवा. तापमान १०० अंशांना टेकले असेल तर दोष थंडाव्याचा : पंख्यात धूळ, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली सुकलेली थर्मल पेस्ट किंवा गादीवर ठेवलेला लॅपटॉप. तापमान ८०-८५ असूनही वॅट खाली आले असतील तर ती उत्पादकाने घातलेली मर्यादा आहे, पेस्ट बदलून काही होणार नाही. खोलीचे तापमानही नोंदवा. मे महिन्यातला स्कोअर जानेवारीतल्या स्कोअरशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

आणखी एक पाहा. रॅमची एकच स्टिक असेल तर डीडीआर५-५६००ची मेमरी बँडविड्थ (रॅममधून डेटा येण्याचा वेग) ८९.६ जीबी प्रतिसेकंदावरून ४४.८ वर येते. विकतानाच एक स्लॉट रिकामा ठेवलेले लॅपटॉप पुष्कळ आहेत.

प्रश्न : सर्व्हरमध्ये दुसरा झिऑन बसवला, पण डेटाबेसचा वेग वाढलाच नाही. असे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिली शंका रॅमच्या जागेची. तुमचा झिऑन वरच्यासारखाच व्ही४ आहे असे धरू. या पिढीत प्रत्येक प्रोसेसरची मेमरी स्वतंत्र असते : चार चॅनेल (रॅमकडे जाणाऱ्या वाटा), डीडीआर४-२४००, ७६.८ जीबी प्रतिसेकंद. सगळ्या स्टिक पहिल्या प्रोसेसरच्या बाजूलाच राहिल्या असतील तर दुसऱ्याला प्रत्येक वाचनासाठी दोन प्रोसेसरांना जोडणाऱ्या क्यूपीआय दुव्यावरून पलीकडे जावे लागते. किमान आठ सारख्या स्टिक घ्या, प्रत्येक बाजूला चार, आणि चारही वेगळ्या चॅनेलांत. बोर्डाच्या झाकणावरचा तक्ता पाहूनच बसवा, स्लॉटच्या नुसत्या रंगावर विसंबू नका. रजिस्टर्ड आणि साध्या स्टिक एकत्र केल्यास यंत्र सुरूच होत नाही.

त्यानंतर बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) नोड इंटरलीव्हिंग बंद करा आणि लिनक्सवर numactl ही आज्ञा वापरून डेटाबेस एकाच नोडवर, म्हणजे एका प्रोसेसरवर आणि त्याच्या बाजूच्या रॅमवर बांधा. त्याचा सगळा डेटा एका बाजूच्या रॅममध्ये मावत असेल तर एकच प्रोसेसर दोघांपेक्षा बरा चालतो.

दुसरे कारण बदलता येणारे नाही. जानेवारी २०१८मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीचा या झिऑनवर परिणाम होतो. तिच्यावरच्या उपायामुळे प्रत्येक सिस्टिम कॉल (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली मागणी) महागतो, आणि डेटाबेस असे कॉल सतत करतो. निव्वळ आकडेमोडीच्या कामाला हा भार जाणवत नाही.

प्रश्न : यांपैकी एखादे यंत्र घरी २४ तास चालू ठेवायचे असेल तर?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन प्रोसेसरचा सर्व्हर रिकामा बसूनही १०० वॅट सहज खातो. महिन्याला ७२ युनिट. महावितरणचे घरगुती दर १०० युनिटनंतर चढतात, तेव्हा हे ७२ युनिट बहुतेक घरांत वरच्या दराने मोजले जातील. लॅपटॉप रिकामा असताना, पडदा बंद करून, १० वॅटच्या आसपास राहतो : ७ युनिट. मात्र त्याची बॅटरी कायम १०० टक्क्यांवर ठेवली तर फुगू शकते. उत्पादकाच्या सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ६० किंवा ८० टक्के लावा आणि महिन्यातून एकदा तळाचे झाकण उचलले गेले आहे का ते पाहा.

सर्व्हरच घेणार असाल तर त्यावर लिनक्स टाका. विंडोज ११च्या मान्यताप्राप्त प्रोसेसरांच्या यादीत ही पिढी नाही आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.