दीड फुटी मोरी: पिल्लू की पूर्ण वाढलेली?

प्रश्न: आमच्या घरी मोरीचं (म्हणजे मुशीचं, शार्क माशाचं) मालवणी कालवण आवडीनं खातात. बाजारात मात्र दीड-दोन फुटांच्याच मोऱ्या दिसतात. ही पिल्लं असतील, तर घेणं थांबवावं का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: नुसत्या लांबीवरून ते ठरत नाही. आपल्या किनाऱ्यावरची चपट्या, फावड्यासारख्या नाकाची मोरी दीड फुटाची झाली की पूर्ण वाढलेलीच असते. ती एक-दोन वर्षांत वयात येते आणि एका वेळी बहुधा सहापेक्षा जास्त पिल्लं देते. हातोड्याच्या आकाराच्या डोक्याची मुशी मात्र जन्मतःच साधारण दीड फुटाची असते. तिच्या मादीला वयात यायला दहाहून अधिक वर्षं लागतात, तोवर ती सहा-सात फुटांची होते. या मुशीच्या काही जाती आज जगभरात अतिसंकटग्रस्त आहेत. टोपलीत दोघी शेजारी-शेजारी, सारख्याच मापाच्या असतात. खरा घोटाळा इथेच होतो.

म्हणून मोरी अख्खी बघून घ्या. आधी डोकं पाहा. हातोडा दिसला तर घेऊ नका. मग ती उलटी करून छातीच्या दोन परांच्या मधोमध पाहा. तिथे नाळेची ताजी, उघडी चीर असेल तर पिल्लू नुकतंच जन्मलेलं आहे, जात कोणतीही असो. परांची टोकं काळी असतील तर ती बहुधा मोठ्या होणाऱ्या जातीची असते, तीही टाळा. डोकं उडवून, कातडी सोलून ठेवलेल्या तुकड्यांत यातलं काहीच कळत नाही. व्हेल शार्क आणि करवत मासा यांना तर 2001 पासून कायद्याचं संरक्षण आहे.

वासाचंही सांगतो. मुशीच्या रक्तामांसात युरिया असतो आणि ती मेल्यावर जीवाणू त्याचा अमोनिया करतात. रक्त वेळीच काढलं नाही किंवा बर्फ कमी पडला की नाकाला झोंबतं. कोकमाच्या आंबटपणानं तो दर्प दबतो, पण शिळी मोरी ताजी होत नाही.

प्रश्न: बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी द्यावी का?

उत्तर: देऊ नये. मोरीनं दूध वाढतं याला भक्कम पुरावा नाही. मुशी इतर मासे खाऊन जगते, त्यामुळे तिच्या अंगात पारा साठतो. मासा जितका मोठा आणि वयस्क, तितका पारा जास्त, आणि तो शिजवून जात नाही. अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासनही गरोदर व स्तनदा मातांना आणि लहान मुलांना शार्क टाळायला सांगतं. त्याऐवजी तारली द्या. तिच्यात पारा फार कमी असतो.