१५ वर्षांच्या मुलाला समुपदेशनाला नेणं बेकायदा आहे का?

तुम्ही विचारलंय: मुलगा म्हणतो, मी मुलगी आहे. कन्व्हर्जन थेरपीवर, म्हणजे लैंगिक कल किंवा लिंगओळख बदलायच्या 'उपचारा'वर बंदी आहे, मग त्याला कोणाशी बोलायला नेणंही गुन्हा ठरेल का?

नाही, जरूर न्या. मनाई बोलण्याला नाही, निकाल आधीच ठरवून केलेल्या 'उपचारा'ला आहे. मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ च्या आदेशात लैंगिक कल किंवा लिंगओळख वैद्यकीय मार्गाने बदलायचे प्रयत्न थांबवायला सांगितलं. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांच्या वैद्यक परिषदांना पत्र पाठवून डॉक्टरांसाठी हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पण ते पत्र नोंदणीकृत डॉक्टरांपुरतं आहे. नुसती 'समुपदेशक' अशी पाटी लावणाऱ्यापर्यंत ते पोचत नाही आणि मुलं नेमकी तिथेच अडकतात.

म्हणून वेळ घेतानाच नोंदणी क्रमांक मागा. मनोविकारतज्ज्ञ असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा. फोनवरच विचारा, "सहा महिन्यांनी मूल याच मतावर राहिलं तर तुम्ही काय कराल? आणि मत बदललं तर?" दोन्ही उत्तरं सारख्याच शांतपणे यायला हवीत. एका बाजूला घाई दिसली, मग ती कुठलीही असो, तर दुसरं दार बघा.

चांगल्या बैठकीत थोडा वेळ तुम्ही सोबत असता, बराच वेळ मूल एकटं बोलतं. झोप, जेवण, शाळेतला त्रास, वयात येताना शरीराबद्दल काय वाटलं, हे सगळं निघतं. "हजेरीत नाव पुकारलं की कसं वाटतं?" हा चांगला प्रश्न. "हे खूळ कुणी भरवलं?" हा वाईट. नैराश्य किंवा स्वमग्नतेची लक्षणं दिसली तर त्यांच्यासाठी मदत घ्यायचीच, पण 'म्हणजे ओळख खोटी' असा अर्थ त्यातून काढायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत लिंगविसंगती (जन्मावेळी ठरवलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारी ओळख न जुळणं) मानसिक विकारांच्या प्रकरणात नाही. आणि नुसत्या कपड्यांच्या किंवा खेळांच्या आवडीवरून तिचं निदानही करता येत नाही, त्यामुळे शिक्का मारायची घाई तुम्हीही करू नका.

"तीन महिन्यांत नॉर्मल करतो", पुरुषत्व वाढवायची हार्मोनची इंजेक्शनं, आजाराचं नाव न सांगता दिलेल्या गोळ्या, संमोहन, विजेचे झटके, मित्रांशी संपर्क तोडायचा सल्ला: यातलं एकही आलं तर तिथून उठा. चिठ्ठी आणि पावती मात्र जपून ठेवा. डॉक्टर असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करताना तोच पुरावा लागतो.

गुप्ततेची मर्यादा पहिल्याच दिवशी मुलासमोर ठरवून घ्या: काय मूल आणि समुपदेशक यांच्यातच राहील आणि काय तुम्हाला सांगावंच लागेल. हे न ठरल्यामुळे मुलं दुसऱ्या बैठकीत गप्प होतात. जिवाला धोका असेल तर ते सांगितलं जाणारच, हे त्याला आधी कळलेलं बरं. जीव नकोसा झाल्याची भाषा आत्ताच ऐकू येत असेल तर बैठकीची वाट पाहू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो रात्रीही चालू असतो.